जगबुडीच्या गोष्टी आणि बंद दार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती — ती तिथेच होती. पण त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

मला जगबुडीच्या गोष्टींचा नाद आहे. साथ येते, शहरं ओस पडतात, मूठभर माणसं तगतात — असं काही टीव्हीवर सुरू झालं की मी ते संपवूनच उठतो. हल्ली बरेच जण बघतात म्हणा. बातम्यांतली भीती कुठे जाऊन थांबेल ते कळत नाही. गोष्टीत निदान कुणीतरी वाचतं. आणि बघताना आपण नेहमी वाचणाऱ्यांतच असतो, नाही का? मी तर मनातल्या मनात सगळ्यांना वाचवायचो. अक्काला तर सगळ्यांत आधी.

अक्का माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला तिनंच वाढवलं. पिंपळनेरजवळच्या खेड्यात तिची थोडी कोरडवाहू जमीन. खरीप आटोपला की ती आणि दाजी जळगावकडे कापसाच्या जिनिंगवर कामाला यायचे. मी इथे जळगावातच, पिंप्राळ्यात, शाळेत शिक्षक.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी — कसं सांगू — जरा खूशच होतो. तांदूळ, डाळ, तेल, साबण, सगळं आधीच भरून ठेवलेलं. मला सगळं ठाऊक होतं ना! कुणालाही दार उघडायचं नाही, हेसुद्धा.

पाचव्या की सहाव्या दिवशी, भर दुपारी, फाटक वाजलं.

“भाऊ, घरमा शे का रे?”

जिनिंग बंद पडलं होतं, राहती खोली सोडायला लावली होती — हे नंतर कळलं. पण तेव्हा मला काहीच कळलं नाही, असं तरी कसं म्हणू? पडद्याच्या फटीतून दिसत होतं. अक्काच्या डोक्यावर गाठोडं, दाजींच्या हातात स्टोव्ह. दाजी खोकत होते. धुळीनंही असेल. बायको उठली. मी तिचा हात धरला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

अक्कानं तीनदा हाक मारली. मग दाजींना म्हणाली, “कोन्ही नई शे वाटस. सासरवाडीले गया व्हई.” अंगणातल्या नळाला दोघं पाणी प्यायली. जाताना तिनं फाटकाची कडी नीट लावली.

आणि मी काय केलं? तासभर थांबलो, बाहेर गेलो, आणि तो नळ साबणानं धुतला. दोनदा.

गावी पोचायला त्यांना सहा दिवस लागले. बहुतेक वाट पायीच. दाजींना साखरेचा आजार. चालून पायाला झालेली जखम चिघळली, पुढे दोन बोटं काढावी लागली. मी भेटायला गेलो, फळं घेऊन. जगबुडीच्या त्या गोष्टी मी अजून बघतो — कुणी दार वाजवायला लागलं की तेवढा भाग पुढे ढकलतो.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात अक्कानं मला जेवताना शेजारी बसवलं. म्हणाली, “त्या दिन तू घर नव्हता तेच बरं जयं, भाऊ. आम्हनामुये तुले काही जयं असतं ते?”

मी म्हणालो, “हो अक्का, सासरवाडीला होतो.”

तिनं माझ्या ताटात आणखी एक मांडा वाढला, वर तूप सोडलं. मी तो खाल्ला.