न बघता टाइप करणारी फेलेस्ता

जूनच्या हिवाळ्यातलं बोचरं धुकं झोंब्याच्या डोंगरावरून उतरून थेट स्वयंपाकघरात शिरलं होतं. फेलेस्ता मक्याची पेज ढवळत होती आणि नवरा दामियानो दाण्याचं कूट कुठे ठेवलंय, हे तिसऱ्यांदा विचारत होता. तेवढ्यात दार वाजलं.

"ओदी! येऊ का आत? अमायी, आहात ना घरात?"

रेडिओ केंद्रात कॉम्प्युटर सांभाळणारी, फेलेस्ताला सगळ्यांसारखीच अमायी, म्हणजे आई, म्हणणारी तोवेरा पाठीला पिशवी लावूनच उभी होती. "माझी बदली झाली, ब्लांटायरला. अकराची बस आहे. चला केंद्रात, कॉम्प्युटर आत्ताच शिकवून टाकते."

"आत्ता? अगं, पेज लागेल खाली!"

"मामा ढवळतील की."

दामियानोने पळी हातात घेतली खरी, पण चेहरा असा केला, की जणू त्याचीच बदली झाली होती.

फेलेस्ता एकसष्टची. अठ्ठावीस वर्षं जिल्हा कचेरीत टायपिस्ट. नजर कागदावर, बोटं कळफलकावर, मान वर करायची नाही, ही तिची शिस्त. निवृत्तीनंतर ती रेडिओसाठी मयताच्या सूचना टाइप करू लागली. बारा वाजता त्या वाचल्या जातात तेव्हा बाजारातसुद्धा आवाज खाली येतो. त्यात नाव किंवा वेळ चुकली, तर सख्खा भाऊसुद्धा मातीला पोचत नाही. आजवर जुन्या टाइपरायटरवर भागलं. आता त्याची फीत कुठेच मिळेना.

केंद्रातला कॉम्प्युटर दान आलेला, म्हातारा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, माउस नाही, काही नाही.

"आधी आय दाबायचं, मग लिहायचं," तोवेरा म्हणाली. "झालं की एस्केप. मग कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. चुकलं तर एस्केप आणि यू."

"आणि आय दाबायचं राहिलं तर?"

"मग प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम. एकाने ओळ कापली जाते, एकाने पुसली जाते."

"लिहायच्या यंत्रात लिहायला परवानगी काढायची? हा कॉम्प्युटर आहे की कलेक्टर?"

"अमायी, हसू नका, माझी बस जाईल."

फेलेस्ताने सहा वेळा करून दाखवलं. तोवेरा गेली.

साडेदहाला कपिनी गावचा एक वृद्ध भिजलेली टोपी हातात घेऊन आला. धाकटा भाऊ डायसन कफुका पहाटे गेला होता. माती आजच, चार वाजता. बहिणी तीन गावांत विखुरलेल्या, फोन एकीकडेही नाही. "त्यांना कळेल ना, बाई?"

"कळेल. बसा तुम्ही पडवीत."

तिने कागद मांडीवर घेतला, मयताचं नाव नेहमीप्रमाणे मोठ्या अक्षरांत यावं म्हणून कॅप्सचं बटण दाबलं आणि बोटं सोडली. मान वर केली ती शेवटच्या पूर्णविरामाला.

डायसनच्या नावाची पहिली तीन अक्षरं गायब होती. त्याहून वाईट म्हणजे, सकाळी तोवेराने लिहून ठेवलेल्या सूचनेतलं एलिनेस आजीचं नाव पुसून तिच्या जागी अर्धवट डायसन जाऊन बसला होता. खाली आजीचं गाव, आजीची उद्याची वेळ. आय दाबायचं राहिलं होतं, म्हणून ती तीन अक्षरं हुकूम ठरली होती, आणि तिसऱ्याने ओळ पुसून लिहायची परवानगीही देऊन टाकली होती.

"अरे देवा! याला आजीच्या खड्ड्यात कुणी घातलं?"

यू दाबलं. पडद्यावर यू उमटला. पुन्हा दाबलं, दुसरा उमटला. रागाने पाच-सहा यू झाले. मग एस्केप आठवलं, आणि घाबरून कोलन, डब्ल्यू, क्यू. पडद्याने खाली लाल ओळ दाखवली: असा हुकूम मला माहीत नाही. तासापूर्वी तर माहीत होता! तिने टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला.

तिने तोवेराला फोन लावला. तोवेरा बसमध्ये चढत होती.

"कॅप्स चालू आहे का, अमायी?"

"चालू आहे. मेलेल्याचं नाव बारीक अक्षरांत लिहू का?"

"त्यानेच वाचलात! मोठ्या अक्षरातला हुकूम त्याला कळत नाही, म्हणून काहीच जतन झालं नाही. कॅप्स बंद करा. एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. मग फाइल पुन्हा उघडा. आणि अमायी, पडद्याकडे बघा हो!"

आजी जशीच्या तशी परत आली. फेलेस्ताने आय दाबलं, ते खरंच लागलंय का हे पडद्याच्या खालच्या ओळीत पाहून घेतलं, मग एक ओळ कागदावरची, एक नजर पडद्यावर, अशी मान खालीवर करत, पहिल्या दिवसाच्या उमेदवारासारखं टाइप केलं. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. मानेत उसण भरली.

बारा वाजता पडवीतल्या वृद्धाने डायसनचं पूर्ण नाव ऐकलं, कपिनी ऐकलं, चार वाजता ऐकलं. त्याने टोपी घातली, दारातून आत बघून हात जोडले आणि निघाला.

केंद्रप्रमुख माउलिदी भीतभीत आत आले. "अमायी, उद्या येणार ना? का या यंत्रासाठी दुसरं कुणी बघू?"

"दुसरं कुणी कशाला?" फेलेस्ता मान चोळत म्हणाली. "पडद्याच्या शेजारी, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीत एक खिळा ठोकून द्या. मला कागद टांगायचा आहे."