आधी चूक दाखवा

माझ्या लिहिण्यावरून डस्टर फिरलं तेव्हा मी फळ्यासमोरच उभी होते. खडूची भुकटी माझ्या साडीवर पडली.

"आ चोपडीमां छे?" प्राध्यापकांनी विचारलं. हे पुस्तकात आहे का?

"नथी, साहेब."

"तो खानदेशमां नवुं गणित नीकळ्युं!" म्हणजे खानदेशात नवं गणित निघालं!

वर्ग हसला.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सुरतेतलं कॉलेज, एम.एस्सी.चा गणिताचा वर्ग. आमचं घर शहराला लागून बमरोलीत, वडील लूमवर, कापडाच्या मागावर कामाला. वर्गात खानदेशी मी एकटी.

शिकवण्याची रीत ठरलेली. पुस्तक विलायती. त्यातली सिद्धता पाठ करायची, फळ्यावर उतरवायची. पुस्तकात अल्फा असेल तर फळ्यावरही अल्फाच. त्या दिवशीची सिद्धता पुस्तकात पानभर होती. मी वेगळ्या वाटेने गेले. माझी फळ्याच्या कोपऱ्यात मावली.

"नवुं तो बहारथी आवे, बेन," साहेब म्हणाले. "आपणे खाली भणाववानुं." नवं बाहेरून येतं. आपण फक्त शिकवायचं.

मला संशोधन करायचं होतं. शिफारस त्यांच्या हातात होती. मी पुस्तकातलं लिहून दाखवलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती दारात बसून बॉबिनवर सूत भरत होती.

"तुन्हं चुकनं व्हतं का?"

"नही."

"मंग पुसू काब दिन्हं?"

का पुसू दिलं? भीती होती, पण भीती म्हणजे उत्तर नव्हे.

दुसऱ्या दिवशी तासाआधी मी तीच सिद्धता लिहिली. या वेळी अख्खा फळा भरून. साहेब आले. त्यांनी डस्टर उचललं. मी बाजूला झाले नाही.

"पहेलां भूल बतावो, साहेब." आधी चूक दाखवा.

त्यांनी वाचलं. पुन्हा वरून वाचलं. डस्टर टेबलावर ठेवलं.

"भलामण भूली जजे." शिफारस विसर. एवढं बोलून ते निघून गेले.

मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "पण भूल तो ना जडी!" चूक काही सापडली नाही. या खेपेला वर्ग माझ्यावर हसला नाही.

शिफारस मिळाली नाही. मी शाळेत नोकरी धरली. गणित सोडलं नाही. माझ्या वर्गात डस्टर टेबलाच्या खणात असतं. ज्याला पुसायचं आहे त्याने आधी सर्वांसमोर चूक दाखवायची. मलाही हाच नियम.

नवं गणित इथे होत नाही, असं अजूनही सांगितलं जातं. सांगणाऱ्यांनी फळा मोकळा करून द्यावा. नाही दिला, तर आम्ही घेऊ.