अटक केलेली नाही, तर घरी पाठवा

दादाला पोलिसांनी दुकानातून उचललं तेव्हा मी जळगावला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं घर जामनेरला, आणि तिथल्याच बाजारात दादाचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. एका केळीच्या बागेतून चोरीला गेलेली मोटार त्याच्या दुकानात सापडली. ती दुरुस्तीला कोणी आणून टाकली हे त्याने तिथल्या तिथे सांगितलं होतं. पण तो माणूस पसार झाला होता, आणि बागेचा मालक तालुक्यातला वजनदार माणूस. दादा हाताशी होता, म्हणून दादाला नेलं.

मला निरोप मिळाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने जामनेर गाठलं आणि घरी न जाता सरळ ठाण्यावर गेले. माय पायरीवर बसली होती, शेजारी डबा तसाच. तिचं माहेर पिंपळनेरकडचं, तिची अहिराणी कधी सुटली नाही.

"मझार जाऊ देतस नई," ती ठाण्याच्या दाराकडे हात करून म्हणाली. "पन त्याना आवाज ऐकू येस."

मी आत गेले. फौजदार चहा पीत होता.

"माझ्या भावाला अटक कधी केलीत?"

"अटक कुठे केलीये? चौकशीला बोलावलंय."

"अटक केलेली नाही, तर घरी पाठवा. मी न्यायलाच आले आहे."

"असं नाही जाता येत."

"जाता येत नसेल तर ती अटकच झाली. मग चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर न्यायला हवं होतं."

त्याने कप खाली ठेवला आणि हवालदाराकडे बघून हसला. "ताई, हे परीक्षेत लिहा. चांगले मार्क पडतील."

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण त्या हसण्याने भीतीपेक्षा राग मोठा झाला.

बाहेर नाना, म्हणजे माझे काका, येऊन थांबले होते. वडील गेल्यापासून घरातले निर्णय तेच घेत. "पोरीच्या जातीने ठाण्यात वाद घालू नये," ते म्हणाले. "दादाला सांग, ते म्हणतात त्या कागदावर सही कर. चूक झाली म्हण. मिटेल सगळं."

"नाना, त्याने चोरी केलेली नाही."

"मला माहीत आहे. पण मार तर थांबेल."

"चोरी केली असती तरी ती त्याच्या तोंडून वदवून घ्यायचा हक्क यांना नाही. आरोपीला गप्प राहता येतं. घटनेत लिहिलंय तसं."

नानांनी मान हलवली. घटना त्यांच्या लेखी दिल्लीतली गोष्ट होती.

कोर्टाच्या आवारात वकील होते, पण बागेच्या मालकाला दुखवायला त्यांच्यातला कोणी तयार नव्हता. मग मी झाडाखाली बसून मायच्या नावाने अर्ज लिहिला: माझ्या मुलाला परवा सकाळपासून ठाण्यात डांबलंय, कोर्टासमोर आणलेलं नाही. मायने खाली अंगठा दिला आणि अर्ज स्वतःच्या हाताने मॅजिस्ट्रेटसमोर धरला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि ठाण्याला हुकूम पाठवला, माणूस आजच्या आज हजर करा.

दुपारी आणलं. ठाण्यासमोर जीप उभी होती, तरी त्याला चालवत आणलं, हातात बेड्या, बेडीला दोर, आणि ऐन बाजाराच्या दिवशी भर बाजारातून. अर्ज केल्याचा राग होता तो. दादा अनवाणी होता, पाय जपून टाकत होता. ज्यांच्या मोटारी त्याने दुरुस्त केल्या तीच माणसं दोन्ही बाजूंना उभी.

माय गर्दीत घुसली आणि त्याचा बेडीतला हात धरून चालायला लागली.

"बाई, बाजूला हो," हवालदार ओरडला.

"माना पोऱ्या शे," माय त्याच्यापेक्षा मोठ्याने म्हणाली. "बठ्ठा गाव देखी ऱ्हायना ना? देखू दे. मीबी देखस, कोन कोन देखस ते."

आणि ती खरंच एकेकाच्या तोंडाकडे बघत चालली. माना खाली गेल्या त्या लोकांच्या. दादाची मात्र वर आली.

कोर्टात मॅजिस्ट्रेटनी आधी हातांकडे बघितलं. "बेड्या कोणाच्या परवानगीने?"

"पळून जाईल म्हणून, साहेब," फौजदार म्हणाला.

"परवानगी विचारली."

फौजदार हवालदाराकडे बघायला लागला.

"काढा."

कागदावर अटक त्याच दिवशी सकाळची दाखवली होती. मॅजिस्ट्रेटनी दादाला विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? दादाने फौजदाराकडे बघितलं आणि ओठ मिटले. मला राहवलं नाही. "दादा, इथे बोल!" मी मागून ओरडले. साहेबांनी मला दटावलं. पण दादा खाली फरशीवर बसला आणि त्याने पाय पुढे केले. तळवे काळेनिळे झाले होते.

"परवापासून आत आहे, साहेब. आज सकाळपासून नाही."

ते सगळं लिहून घेतलं गेलं. डॉक्टरांकडून तपासणीचा हुकूम झाला, पोलीस कोठडी नाकारली, जामीन मिळाला. खटला मात्र रेंगाळला. दादा निर्दोष सुटेपर्यंत मला वकिलीची सनद मिळाली होती. फौजदाराची फक्त बदली झाली.

त्यानंतर तो पसार झालेला माणूस धुळ्यात सापडला. दादाने दुकानातून येऊन सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात समाधान होतं. मी म्हणाले, "त्याच्याकडे वकील नसेल. मी जाते."

"त्याच्यामुळे मी मार खाल्ला!"

"मार तुला पोलिसांनी दिला, दादा."

तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही. नाना म्हणाले, चोराची बाजू घेण्यासाठी शिकवलं का तुला? मायने भाकरी बांधून दिली, माझ्यासाठी आणि कोठडीतल्या त्या माणसासाठी.

मी त्याचं वकीलपत्र घेतलं. ते माझं पहिलं. त्याला शिक्षा झाली, आणि ती योग्यच होती, कारण चोरी त्यानेच केली होती. पण साक्षीपुराव्यावर झाली. त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. मी रोज ठाण्यात जाऊन बसत होते.