बसून बघायचा डोंगर

माझा मामा संग्रहालयात डोंगर करायचा. काचेमागे माती, खडक, झाडं आणि पाठीमागे वळवलेल्या फळीवर रंगवलेलं आकाश, असे देखावे त्याने एकतीस वर्षं केले. बोलण्याच्या बाबतीत मात्र आनंदच. आई म्हणायची, "याच्यापेक्षा भिंत बरी, निदान आवाज तरी परत देते."

नव्या संचालकबाईंनी देखाव्यांच्या दालनात हलत्या चित्रांचे मोठे पडदे लावायचं ठरवलं. बटण दाबलं की पाऊस. त्यात मामाची कामाची खोलीही जाणार होती. जन्मात पहिल्यांदा तो कुणाकडे काही मागायला गेला. बाई म्हणाल्या, "मुलांना घेऊन एक देखावा करून दाखवा. समितीला पटला तर खोली तुमची."

शेजारच्या शाळेतली अकरा मुलं आली. मुलं आणि मामा म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य, असं समजून मी रजा टाकून मदतीला गेले. माझी काहीच गरज नव्हती. गावाबाहेरचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचं तळं करायचं ठरलं. मुलांनी जाळी वाकवून तिच्यावर कागदाचा लगदा थापला, लाकडाचा भुसा तीन हिरव्या रंगांत भिजवून गवत पेरलं, वाळकी मुळं उलटी रोवून झाडं केली. दोन वेण्यांच्या एका मुलीने काठावर तांदळाएवढी चप्पल ठेवली.

"कुणाची गं?" मामाने विचारलं.

"पोहायला गेलाय ना, त्याची."

मामा चक्क हसला. मी त्याचे दात बऱ्याच वर्षांनी पाहिले.

या कामाचा एक नियम आहे. जमीन आणि आकाश जिथे मिळतात ती रेघ बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यायला हवी, तरच पुढची माती आणि मागचा रंग एकजीव होतात. नाहीतर सगळं सोंग उघडं पडतं. मामा दर वेळी उभ्या माणसाची उंची धरायचा. या वेळी त्याने मुलांना जमिनीवर बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांपाशी भिंतीवर खडूने रेघ मारली.

"मामा, समिती उभी राहून बघेल," मी म्हणाले.

"मुलांचं काम आहे म्हटल्यावर वाकतील की."

एवढे डोंगर केले, पण माणसं किती वाकतात हे त्याला कळलं नाही. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

समितीची पाच माणसं जेवून आली आणि उभी राहिली. वरून फळीचा सांधा दिसत होता, तळ्याच्या काचेची कड दिसत होती. एकाने विचारलं, "हा डोंगर पडतोय का हो?"

"साहेब, जरा खाली बसून बघा," मामा म्हणाला. आवाज इतका बारीक की मलाच लाज वाटली.

"आमचे गुडघे ऐकत नाहीत हो," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. वेणीवाली मुलगी फतकल मारून खाली बसली. "असं. असं बसायचं." कुणी बसलं नाही. मुलांनी मेहनत छान घेतल्याचं सांगून बाई निघाल्या.

खोली गेली. देखावा शाळेला दिला, तर तिथे मुलं हात लावतील म्हणून तो मुख्याध्यापकांच्या कपाटावर चढवला. खालून फक्त फळीचं बूड दिसतं.

मामाला निवृत्तीपर्यंत तिकीटखिडकीवर बसवलंय. खिडकी मोठ्यांच्या उंचीची आहे. मुलं आली की त्याला कडेला धरलेली बोटं तेवढी दिसतात. सुरुवातीला तो उठून, वाकून तोंड बघायचा.

परवा मी त्याचा डबा द्यायला गेले होते. खिडकीच्या कडेला चार बोटं आली. खालून आवाज आला, "मामा, मी आलेय. आपला डोंगर खाली उतरवायला सांगा ना."

मामाने वेणीवालीचा आवाज ओळखला, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. तो उठला नाही. हात बाहेर काढून त्याने तिकीट दिलं आणि म्हणाला, "पुढे चला."