गुडघ्यात वाकणारी सायकल

आमचे हे, म्हणजे इद्दर, तोंड उघडतात तेव्हा विषय बहुतेक खेचराचाच असतो. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा सासूबाईंना म्हणाले होते म्हणे, पोरीचे खांदे सरळ आहेत, चढ चढेल. मला हे पुष्कळ नंतर कळलं. तेव्हाच कळलं असतं तर लग्नाआधीच चार शब्द सुनावले असते.

ॲटलस पर्वतातल्या आमच्या खोऱ्यात बाहेरचे लोक डोंगर बघायला येतात. त्यांचे तंबू, पिशव्या, भांडीकुंडी ह्यांच्या खेचरावरून खिंडीपर्यंत जायची. त्यावरच आमचं पोट भरलं, त्यावरच आमचा मुलगा बाहा शिकला आणि कासाब्लांकाला फरशीच्या कारखान्यात लागला. मग अक्रोड झोडपायच्या दिवसांत खेचर मेलं. ह्यांचे गुडघे त्याच्या आधीच गेले होते. चढ कसाबसा निभायचा, पण उतारावर पाऊल टाकलं की चेहरा पिळवटायचा. बाहाचा फोन आला, दोन खोल्या घेतल्यात, बकरीदीनंतर गाडी घेऊन येतो, आता डोंगर बस झाला. हे नुसतं "हूं" म्हणाले. मी म्हणाले, "ये बाबा, तू जिथे तिथे माझं घर." पोराला असंच सांगायचं असतं. फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात हात टाकून उभी राहिले. माझी गाय, माझी भाकरीची भट्टी, ओढ्यावरच्या माझ्या बायका, हे सगळं मी त्या दोन खोल्यांत कुठे मांडणार होते?

हिवाळा तसाच गेला. वसंतात ह्यांचा भाचा उस्मान आला. तो वाटाड्याचं काम करतो. हल्ली त्याच्याकडे सायकलवाले येतात, चांगली धडधाकट माणसं, पण डोंगरावरून सायकली खाली घालतात. उस्मान पुढे असतो. मागे कोणी दमलं, पडलं, रडायला लागलं तर बघायला त्याला भरवशाचा माणूस हवा होता, पण सायकलवरचा. मामा लहानपणी पाववाल्याची सायकल चालवायचे हे त्याला माहीत होतं. संध्याकाळी भाकरी मोडताना हे म्हणाले, "बसून उतरायचं असेल तर गुडघ्यांना कसला त्रास?" दुसऱ्या दिवशी मी मागावरचा गालिचा संपवायला बसले.

गालिचा मराकेशला विकला आणि आम्ही तिघं जुन्या बाजारात कब्बूरच्या दुकानात गेलो. हा कब्बूर फ्रान्समधल्या जुन्या सायकली आणून विकतो. ह्यांनी झग्याच्या पाठीवरच्या टोपीत नवं कोरं दावं आणलं होतं. आमच्याकडे जनावर विकणारा आपलं दावं ठेवून घेतो, घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं. ते बघून उस्मानने कपाळावर हात मारला.

हे प्रत्येक सायकल आधी मागून बघायचे, मग पुढून, मग थोडी चालवून तिची चाल बघायचे. उस्मान एका निळ्या सायकलीपाशी थांबला आणि म्हणाला, मामा, हीच घ्या. ह्यांनी हँडलवर जोर दिला तर तिचा पुढचा भाग खाली गेला. हे हात झटकून बाजूला झाले.

"गुडघ्यात कमजोर आहे."

कब्बूर परोपरीने सांगत होता की हे शॉकअप आहे, ह्याचेच तर जास्त पैसे पडतात. ह्यांचं एकच, हाताखाली वाकते ती माणसाखाली बसकण मारेल. खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं. पुढच्या पायात वाकणारं खेचर आमच्याकडे फुकट दिलं तरी कोणी घेत नाही. शेवटी एक काळी पसंत पडली. लोखंडी, हाडापेराने दणकट, कुठेही दाबा, हूं नाही की चूं नाही. उस्मान डोकं धरून बसला. ह्यांनी तिच्या सीटवर हात ठेवून बिस्मिल्ला म्हटलं आणि कब्बूरला बजावलं, तीन दिवसांची बोली. खेचराची असते तीच, तीन दिवसांत खोट निघाली तर परत. कब्बूर गंमत समजून हो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हे काळीवर बसून वरच्या कुरणातून दगडगोट्यांच्या वाटेने उतरले. मी भट्टीपाशी होते. सायकल दिसायच्या आधी तिचा खडखडाट ऐकू आला. दारात आले तेव्हा फेटा गळ्यात आला होता, दात वाजत होते, हात इतके थरथरत होते की चहाचा पेला धरवेना. ओढ्यावरच्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले असते, पण हे उंबऱ्यावर बसले आणि खाली बघून म्हणाले, "बाहाला सांग, बकरीदीपर्यंत थांबू नकोस. उद्याच ये."

मला असा राग आला, काही विचारू नका. जन्मभर खोडीची खेचरं तिसऱ्या दिवशी परत नेऊन बांधणारा माणूस, आणि एका लोखंडापुढे शरण जातो?

"जनावर वाईट निघालं तर जनावर परत करतात," मी म्हणाले. "डोंगर नाही सोडत."

पहाटेच्या गाडीच्या टपावर काळी टाकली, अक्रोडांचं पोतं घेतलं आणि एकटीच मराकेशला गेले. कब्बूर म्हणाला, मावशी, ती बोली खेचराची, सायकलीला कुठली बोली? मी वाद घातला नाही. सायकल त्याच्या दाराच्या खांबाला दाव्याने बांधली आणि शेजारी बसले. आमच्याकडे फसलेल्या सौद्याचं जनावर दारात बांधलेलं असेल तोवर त्या माणसाकडून कोणी काही घेत नाही. बाजारात अर्धे हमाल आणि गाडीवान डोंगरातलेच. एकाने विचारलं, मी सांगितलं, तो गुपचूप पुढच्या दुकानात गेला. त्याच्या मागचाही गेला. कब्बूरने चहा आणला, मी घेतला नाही. दुपारची बांग झाली तेव्हा त्याने हात टेकले. "हवी ती घ्या मावशी, पण हे दावं सोडा."

मी एकेक दाबत निळीपाशी आले. दाबली, ती वाकली. हात काढला, ती वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर. कमजोर गुडघ्याचं खेचर खाली जातं, पण असं उठत नाही. उतारावर ओठ चावत एकेक पाऊल टाकणारे हे माझ्या डोळ्यांसमोर आले. बाई गं, आम्ही दोघांनी केवढा गाढवपणा केला होता! किमतीतल्या फरकापोटी अक्रोड कब्बूरच्या पुढ्यात ठेवले आणि निळी घेऊन निघाले.

घरी आल्यावर ह्यांनी तोंड फिरवलं. "ही तर तीच. कमजोर."

"तुमचे गुडघे वाकत नाहीत ना?" मी म्हणाले. "मग तिचे वाकू देत."

ह्यांनी एकदा हँडल दाबलं, मग हे सीटवर बसले. त्या दिवसापासून घरात पाऊल टाकतील तर शपथ. रोज वरच्या कुरणात, रोज नवी वाट. उस्मानने त्यांना कामावर घेतलं.

बकरीदीनंतर बाहा भाड्याची गाडी घेऊन आला. आम्ही दोघांनीही त्याला काही कळवलं नव्हतं. चहा घेतला न घेतला, तोच गाद्या टपावर चढवायला लागला. बाबा कुठेत, म्हणाला. मी म्हणाले, कामावर. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच काही झालंय.

त्याला हाताला धरून वळणावर नेलं. वरून सायकलवाले येत होते. सगळ्यात शेवटी एक घाबरलेल्या बाई आणि त्यांच्या बाजूने हे. त्या थांबल्या की हे थांबायचे, घाई नाही, ओरडणं नाही. शेवटच्या उतारावर बाई धीर करून खाली गेल्या आणि मग ह्यांनी खेचराला देतात तशी हाळी दिली आणि निळी सोडली. झगा फुगलेला, फेटा सुटलेला, आणि मोठमोठ्याने हसत होते. खेचर मेल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि आले तर आले.

"बाबा हसतायत," बाहा म्हणाला. मग हे जवळ आल्यावर त्याने एवढंच विचारलं, पुढचे सायकलवाले कधी येणार? हे म्हणाले, गुरुवारी. बाहा गाडीकडे गेला आणि टपावरच्या दोऱ्या सोडायला लागला.

गादी खांद्यावर घेऊन तो दारात थांबला. "आई, पण तुला तरी यायचं होतं ना?"

"नाही रे बाळा," मी म्हणाले. "एक दिवससुद्धा नाही."

तो आत गेला आणि गादी तिच्या जागेवर नीट पसरली.