जळक्या कॉईलींचं तोरण

लोहाऱ्यात एसटी स्टँडमागच्या बोळात बलभीमचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की तिच्या पोटातली जळकी तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची, हा त्याचा धंदा. दुकानाला पाटी नाही. पाटीच्या जागी चौकटीला जळक्या कॉईलींचं तोरण आहे. दुसऱ्या कुणी भरलेली मोटार लवकर जळून त्याच्याकडं आली की तो तिच्यातली एक काळी कॉईल काढून तिथं अडकवतो. कुठली कोणाची, ते त्याला तोंडपाठ. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की चहा येण्याआधी त्याला अख्खं तोरण ऐकावं लागतं.

"ही महांतप्पाची. हातात पाना धरला म्हनून मानूस मिस्त्री हुतो व्हय? ही परंड्याच्या एका शहाण्याची. तार भरली का वाकळ शिवली, त्यालाच ठाव न्हाय. आन ही जाड दिसती न्हवं, तिच्या मिस्त्रीनं मला सल्ला दिलता. मला!"

आणि शेवटी ठरलेलं वाक्य. "हितं बलभीमची कॉईल घावती का बघा. म्या भरलेली मोटार माघारी येत न्हाय."

येत नव्हती, हे खरं होतं. त्याच एका गोष्टीसाठी लोक त्याची जीभ सोसत. नाहीतर माणूस म्हणून तो सोसण्यासारखा नव्हता. पोरवयात सोलापूरला एका दुकानात काम शिकला, ते उस्तादालाच नावं ठेवून परत आला. स्वतःच्या लग्नात समोर अंतरपाट धरलेला असताना तो जनरेटरवाल्याला 'बेकूब, चोक ओढ, चोक' म्हणून ओरडला होता. भटजींची मंगलाष्टकं अडली, वऱ्हाड हसलं, आणि नवरी कस्तुराबाईला अंतरपाटाआडूनच कळून चुकलं की आपल्या पदरात काय पडतंय. तेव्हापासून तिनं एक केलं. त्याला उत्तर द्यायचं, पण भांडायचं नाही.

साठी उलटली तशी बलभीमला बारीक तार दिसेना. डोळे थकले म्हणेल तो बलभीम कसला! नाचता येईना अंगण वाकडं. त्यानं सगळा दोष दुकानातल्या पिवळ्या बल्बांवर ढकलला आणि इंद्रजितच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात जाऊन एलईडी मागितला. मग त्या बिचाऱ्या इंद्रजितचे हाल कुत्रं खाईना. पहिला बल्ब निळसर पांढरा निघाला. बलभीम दुसऱ्याच दिवशी तो घेऊन परत आला. "ह्या उजेडात जिता मानूसबी मयतावानी दिसतोय. लाल वायर कुठली आन चॉकलेटी कुठली, कळंना. तुज्या घरी लाव." मग खळ्यावर लावतात तसला चौकोनी फ्लडलाईट नेला. तो तांब्यावर असा चमकला की बलभीमच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग एक ट्यूब नेली आणि मधोमध टांगली, तर त्याच्याच डोक्याची सावली नेमकी मोटारीवर पडू लागली. त्यावरून इंद्रजितनं, "काका, जरा कडंला घ्या की," एवढंच सुचवलं. त्याबद्दल त्याला पाऊण तास ऐकावं लागलं.

दुकानात परतून बलभीमनं केलं मात्र तेच. टेबलाच्या दोन्ही कडांना दोन ट्यूब, दुधी झाकणाच्या, किंचित पिवळसर उजेडाच्या. डावीकडची सावली उजवीकडचा उजेड खायचा आणि उजवीकडची डावीकडचा. तारेवरचा केसाएवढा ओरखडाही दिसू लागला. उजेड खरंच चांगला होता, ते नाकारून उपयोग नाही. पण आता बलभीमला तोरणाच्या जोडीला दुसरं पुराण मिळालं. येईल त्याच्या हातात तो पेटता एलईडी बल्ब द्यायचा.

"धरा मुठीत. भाजतंय का? थंडगार! आन त्यो जुना? निम्मी लाईट नुसतं तापन्यात घालवायचा, रुसलेल्या जावयावानी." शेजारच्या वेल्डिंगवाल्या पंचाक्षरीच्या दुकानात अजून पिवळा बल्ब होता. त्याला तर रोज सकाळी ऐकू यायचं, "पंचाक्षरी, जागा हायस का? तुज्या अंधारात काय दिसंना बाबा!"

एका दुपारी बलभीमनं दुकानातला एकूण एक जुना बल्ब काढून टोपलीत टाकला. त्यात लांब वायरीवरचा दोनशे वॅटचाही गेला. तो उजेडासाठी नव्हताच. तार भरून झाली की तिच्यावर वार्निश ओततात, आणि ते वाळावं म्हणून हा दोनशेचा बल्ब रातभर मोटारीच्या पोटात पेटता सोडतात. त्याच्या धगीनं वार्निश पक्कं होतं. आयुष्य गेलं बलभीमचं हे करण्यात. पण माणूस एकदा शहाणपणाच्या भरात आला की त्याला कुठली टोपली आणि कुठला बल्ब! त्या होल्डरलाही त्यानं एलईडी बसवला.

कस्तुराबाई टोपली उचलायला आली. पौषाची थंडी होती आणि तिच्या कोंबडीनं पिल्लं टाकून दिली होती. "अवो, ह्यो मोठा बल्ब मला द्या. पिल्लं गारठून मराया लागलीत."

"ने. कोंबडीच्या पोरास्नी कुठं अक्कल असती? अक्कल नसलेल्यास्नीच असले बल्ब चालत्यात."

"अक्कल नसंना का," ती म्हणाली. "ऊब तर कळती."

बलभीम मोठ्यानं हसला आणि बाकावरच्या गिऱ्हाइकालाही त्यानं हसायला लावलं.

त्याच आठवड्यात चांगुणाबाईची मोटार आली. नवऱ्यामागं शेत एकटीनं ओढणारी बाई, बोलायला फटकळ. गहू पाण्यावर आला होता आणि मोटार बंद. बलभीमनं ती मन लावून भरली. कॉईलींची डोकी दोऱ्यानं बांधली, दर तिसऱ्या वेढ्याला आपली ती दुहेरी गाठ मारली. ती गाठ अख्ख्या जिल्ह्यात फक्त तोच मारतो. वार्निश ओतलं आणि संध्याकाळी सवयीनं लांब वायरीचा बल्ब मोटारीच्या पोटात सोडला. आत चांदणं पडल्यासारखं झालं. ते बघून त्याला बरंही वाटलं.

जुन्या मिणमिणत्या उजेडात तो सकाळी एकेक कॉईल बोटानं चाचपायचा. आता दोन ट्यूबच्या उजेडात सगळं आरशासारखं चकाकत होतं. चकाकतंय म्हणजे वाळलं, आणि डोळ्यांना दिसत असताना चाचपायचं ते आंधळ्यानं! त्यानं झाकण आवळलं. त्या वेळीही तो कुणाला तरी एलईडीच सांगत होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाक भरलेला होता. जीपवाल्या शिवकुमारनं चिखलानं माखलेली एक मोटार आणून उंबऱ्यात ठेवली आणि तो पुढच्या गिऱ्हाइकांसाठी पळाला. बलभीमनं वाकून वास घेतला. त्याचा चेहरा खुलला.

"कच्चं वार्निश! आरारारा! वास बघा की, कच्चं! नुसतं वतलं आन दिलं लावून. अरं, भजंसुदिक मानूस कच्चं देत न्हाय गिऱ्हाइकाला. असल्यांच्या हातात पाना कोन देतं? म्हशी राखाया लावा म्हनावं, पर म्हशींचं काय चुकलंय?"

बाक हसून लोळत होता. बलभीम बोलत बोलत बोल्ट काढत होता. झाकण निघालं. काळ्या कॉईलींवर करपलेला दोरा होता, आणि दोऱ्याला दर तिसऱ्या वेढ्याला दुहेरी गाठ होती.

बलभीमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"थांबलासा का, भाऊ?" चांगुणाबाई दारात उभी होती. मोटारीमागोमाग जीपमधून उतरून ती सगळं ऐकत आली होती. "लई झ्याक चाललं हुतं की. गव्हाला जाऊन सांगते, मिस्त्रीला म्हशीबी देऊ नगा म्हनत्यात."

बलभीमनं बोट आत घातलं. तळाशी न जळलेल्या कॉईलींवर वार्निश चिकट होतं, गुळाच्या पाकासारखं. त्यानं लांब वायरीवरच्या एलईडीकडं पाहिलं. मग तो पेटवला आणि मुठीत धरला. थंडगार.

"लाईट कमीजास्त…" अशी त्यानं व्होल्टेजवर ढकलायला सुरुवात केलीसुद्धा. पण तेच रडगाणं तोरणातल्या प्रत्येकानं गायलं होतं आणि प्रत्येकाला त्यानं त्याच दारात उभं करून सोललं होतं. बाकावरचे सगळे त्या तोरणाकडंच बघत होते. पलीकडून पंचाक्षरीही वेल्डिंग बंद करून येऊन उभा राहिला. आयुष्यभर जपलेलं एकच वाक्य होतं त्याच्याजवळ, आणि ते आता चिखलात लडबडून उंबऱ्यात पडलं होतं. त्याला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला. इंद्रजितचा, चांगुणाबाईचा, त्या थंड बल्बाचा. सगळ्यात जास्त स्वतःचा.

त्यानं एक काळी कॉईल पक्कडीनं ओढून काढली, स्टुलावर चढला आणि तोरणाच्या बरोबर मध्ये, महांतप्पाच्या वर, ती अडकवली.

"आन ही," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, पण आवाज मध्येच फाटला, "ही बलभीमची. लोहाऱ्यातलं सगळ्यात मोट्टं गाढव." मग चांगुणाबाईकडं न बघता म्हणाला, "बाई, आज भरतो, उद्या न्या. ह्या वक्ताला वाळवून दीन."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

तो मागच्या दारानं घरात गेला. चुलीजवळ टोपलीखाली दोनशेचा बल्ब पेटलेला होता आणि त्याभोवती पिल्लं दाटून बसली होती. चांगली तरतरीत झाली होती. कस्तुराबाईनं दुकानातलं सगळं आतून ऐकलं असणार. ती तांदूळ निवडत राहिली.

"बल्ब दे," बलभीम म्हणाला.

"ह्यो तर तुमी अक्कल नसलेल्यास्नी दिलाय न्हवं?"

बलभीम टोपलीशी उकिडवा बसला.

"म्हनूनच मागाय आलोय," तो म्हणाला.