डॉक्टरांनी दिलेली दोन वर्षं

ब्याऐंशीच्या संपात माझ्या नवऱ्याची गिरणी सुटली ती कायमचीच. घर माझ्या नर्सच्या नोकरीवर चाललं. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी परळच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात माझी बदली झाली आणि जन्मतःच एचआयव्ही झालेली बाळं मी पहिल्यांदा पाहिली. मूळ आजारावर आमच्याकडे तेव्हा काहीच नव्हतं. न्यूमोनिया झाला की त्याचं औषध द्यायचं, एवढंच.

वरळी कोळीवाड्यातली एक मासे विकणारी आजी आठ महिन्यांची नात घेऊन आली. पोरीचे आई-बाप दोघंही गेले होते. वजन जेमतेम चार किलो, तोंडात पांढरा थर, न्यूमोनियाची दुसरी खेप. वजन, आजारपणं, रक्तातल्या पेशी बघून डॉक्टर अंदाज बांधत. तो सहसा चुकत नसे.

"दोन वर्षं काढली तरी खूप," ते मला हळूच म्हणाले.

आजीने ऐकलंच. "बाय, तुमी वजन बगता," ती मला म्हणाली, "मी हिची मूठ बगते. बोट धरलं का सोडीत नाय."

मी नुसती मान हलवली. अशी आशा प्रत्येक खाटेपाशी असायची, आणि खाटा तरीही रिकाम्या व्हायच्या. कोण जगेल हे मीही मनात ठरवायला लागले होते. एका गुटगुटीत बाळावर माझा फार भरवसा होता. ते दीड वर्षाचं असतानाच गेलं.

ही मात्र दोनची झाली, तीनची झाली. मध्ये टीबी झाला, त्यातूनही उठली. दर तपासणीला आजी दारात दिसली की तिच्यामागे कोणी येतंय का, हे मी आधी बघायचे.

एचआयव्हीवरच्या सरकारी गोळ्या फुकट मिळू लागल्या तेव्हा ती दुसरीत होती. डॉक्टरांनी तिची जाड फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि चष्मा काढला.

"सिस्टर, ही इथवर कशी आली, मला नाही सांगता येत."

"मग लिहू काय?"

"लिहा, मुलगी चालत आली."

मी निवृत्त झाल्यावर एकदा हिंदमाताला साडी घ्यायला गेले. एका दुकानाच्या काउंटरमागे तीच मुलगी. आजी वारल्याचं तिने सांगितलं, मग जवळ येऊन म्हणाली, "लग्न ठरलंय. त्याला सगळं माहितीय. आणि सिस्टर, बाळाला होऊ नये म्हणून आता औषधं आहेत."

तिच्याकडे बघत राहिले. साडी घ्यायची राहूनच गेली.